जुना ब्लॉग पुसू की ठेवू? आणि वर्गासाठी नवा काढू का?

खडूची_पूड

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं इथे नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

बीएडच्या शेवटच्या वर्षाला आहे. परवा एका सरांनी वर्गात सहज म्हटलं, "एकदा स्वतःचं नाव शोधून बघा. मुलाखतीला बोलावण्याआधी शाळा तेच करणार आहे." घरी येऊन शोधलं. पहिल्याच ओळीत माझा अठराव्या वर्षी काढलेला ब्लॉग. (दुसऱ्या ओळीत माझ्याच नावाच्या एक दंतवैद्य. माझ्या कवितांचा त्यांना काय ताप झाला असेल देव जाणे.) एकूण ६१ नोंदी. तीसेक कविता, त्यातल्या दोन बऱ्या. परीक्षांवरची चिडचिड. आणि एक नोंद आमच्या तेव्हाच्या एका प्राध्यापकांवर. नाव घेतलेलं नाही, पण त्यांचं खाकरणं, बोलताना किल्ल्यांचा जुडगा वाजवणं, सगळं असं उतरवलंय की तेव्हाचं कुणीही ओळखेल. मैत्रिणी हसून लोळल्या होत्या. परवा वाचलं आणि पोटात गोळा आला.

तर प्रश्न पहिला: सगळा ब्लॉगच उडवू का?

प्रश्न दुसरा: सराव पाठात सातवीच्या वर्गाचा ब्लॉग काढायचा घाट आमच्या गटाने घातलाय. आराखड्यात "यामुळे मुले लिहिती होतील" असं वाक्य आहे. ते मीच लिहिलंय आणि माझाच त्यावर विश्वास नाही. इथे कुणी प्रत्यक्ष केलंय का?

शंकासुर

उडवा. आजच्या आज.

अमेरिकेतलं २००६ सालचं प्रकरण शोधून वाचा. शिक्षिका होऊ घातलेल्या एका मुलीने मायस्पेस या तेव्हाच्या समाजमाध्यमावर पार्टीतला फोटो टाकला. डोक्यावर समुद्री चाच्याची टोपी, हातात पेला, खाली मथळा 'झिंगलेला चाचा' अशा अर्थाचा. विद्यापीठाने शिक्षणशास्त्राची पदवी नाकारली आणि दुसऱ्या विषयाची देऊन बोळवण केली. बाई कोर्टात गेल्या, २००८ मध्ये हरल्या. एका फोटोपायी!

निळी_शाई

शंकासुर, ते प्रकरण सगळीकडे असंच अर्धं सांगतात. फोटो होताच. पण त्याच पानावर तिने सरावाच्या शाळेतल्या मार्गदर्शक शिक्षिकेला उद्देशून सूचक काहीतरी लिहिलं होतं, आणि तिच्या शिकवण्याबद्दलचे शेरेही मुळात बरे नव्हते. टोपी आणि पेला लक्षात राहतात, बाकीचं गळून पडतं.

पूड, (तू म्हटलं तर चालेल ना? बावीस वर्षं शिकवतेय, जीभ वळत नाही) तुझ्यासाठी त्यातला कामाचा भाग फोटोचा नाहीच. प्राध्यापकांवरची नोंद आज काढ. नोकरी जाईल म्हणून नव्हे. तो माणूस तिथे उत्तर द्यायला नाही म्हणून.

कविता राहू देत. अठराव्या वर्षी वाईट कविता न केलेल्या माणसाला भाषा शिकवायला देऊ नये, असं माझं आपलं एक मत आहे. मात्र त्यांच्या वर काहीतरी आजचं लिही. मुलाखतीच्या टेबलाच्या पलीकडे मी बऱ्याचदा बसलेय. उगवता सूर्य, पणती, 'शिक्षण म्हणजे' अशी सुरुवात, हे असले ब्लॉग शेकड्याने पाहिलेत. एकीचा मात्र आठवतोय. तिची एक नोंद होती, 'अपूर्णांकांचा तास फसला.' १/३ मोठा की १/४ हे दाखवायला तिने दोन कागद घड्या घालून फळ्यावर लावले होते. घाईत दोन्ही कागद सारख्या आकाराचे घ्यायचे राहिले. चौथ्या भागाचा कागद मुळात मोठा. मुलं एकमुखाने म्हणाली, १/४ मोठा. आणि डोळ्यांना दिसत होतं ते बरोबरच होतं! तिने फळ्याचा फोटो टाकून खाली लिहिलं होतं, "मुलं चुकली नाहीत, 'एकच अख्खं' हे मी गृहीत धरलं होतं." आम्ही तिच्याशी वीस मिनिटं तेवढ्यावरच बोललो. घेतलीच तिला.

शंकासुर

टेबलाच्या पलीकडे सगळीकडे तुम्ही बसलेल्या नसता ताई. 'तास फसला' वाचून फाइल बाजूला ठेवणारेही पाहिलेत.

निळी_शाई

असतात, मान्य. माझ्याही शेजारी बसलेत. तिथे नोकरी लागली नाही तर फार वाईट वाटून घेऊ नये एवढंच म्हणेन, पण ते मला म्हणणं सोपं आहे, माझी नोकरी पक्की आहे.

कोरी_पाटी

मी तांत्रिक बाजू सांगतो.

पुसलं म्हणजे गेलं असं समजू नका. इंटरनेट आर्काइव्ह १९९६ पासून पानांच्या प्रती साठवतंय, आणि २००१ पासून त्यांच्या वेबॅक मशीनवर त्या कुणालाही बघता येतात. तुमचा ब्लॉग तिथे आहे का ते पत्ता टाकून बघा. असेल तर काढण्याची विनंती त्यांना करता येते. युरोपात २०१४ च्या निकालानंतर स्वतःबद्दलचे दुवे शोधनिकालांतून काढायला सांगता येतं, पण तिथेही मूळ पान जागेवर राहतं. नावाने शोधल्यावर ते पुढे येत नाही, इतकंच.

क्रम असा ठेवा. आधी सगळ्या नोंदी उतरवून स्वतःकडे ठेवा, म्हणजे एक्सपोर्ट. मग नको त्या नोंदी मसुद्यात टाका, थेट डिलीट करू नका, महिन्याभराने निर्णय घ्या. त्या नोंदींखालच्या प्रतिक्रियाही वाचा. आपण सभ्य लिहिलेलं असतं आणि खाली मित्राने दिवे लावलेले असतात. तेव्हाचं टोपणनाव आणखी कुठे वापरलंय तेही शोधा. आणि स्वतःचं डोमेन, म्हणजे ब्लॉगचा स्वतःच्या नावाचा पत्ता, घेतलं असेल तर नूतनीकरण चुकवू नका. सुटलेलं डोमेन दुसरा कुणी उचलतो आणि तुमच्या जुन्या पत्त्यावर जुगाराच्या जाहिराती लागतात. माझ्या एका मित्राच्या 'संस्कृत सुभाषिते' ब्लॉगचं हे झालंय. हसू नका.

अवांतर: 'वेबलॉग' हा शब्द १९९७ चा. १९९९ मध्ये कुणीतरी गमतीत तो 'वी ब्लॉग' असा तोडला आणि 'ब्लॉग' उरला. कुणी एकट्याने लिहायच्या गोष्टीत 'वी' (म्हणजे 'आपण') कुठून आला, हा प्रश्न मला कायम पडतो.

दोन_मुलींचा_बाप

दुसऱ्या प्रश्नावर लिहितो. शिक्षक नाही, फक्त पालक आहे. कडू वाटलं तर माफ करा.

थोरली तिसरीत असताना त्यांच्या बाईंनी वर्गाचा ब्लॉग काढला होता. बाई चांगल्या होत्या, हे आधी सांगतो, कारण पुढचं वाचून तसं वाटणार नाही. 'माझी भीती' असा विषय दिला. आमच्या मुलीने लिहिलं की तिला रात्री अंथरूण ओलं होण्याची भीती वाटते, म्हणून ती मैत्रिणीकडे राहायला जात नाही. लिहिलं होतं सुंदर, रडू येईल असं. बाईंनी 'किती प्रामाणिक लेखन!' म्हणून ब्लॉगवर टाकलं, पूर्ण नाव, इयत्ता, फोटोसकट. तिलाही तेव्हा आनंदच झाला. आम्हीही नातेवाइकांना दुवा पाठवला. आमचीही अक्कल तेवढीच.

सातवीत गेल्यावर वर्गातल्या कुणाला तरी ते सापडलं. पुढचं लिहीत नाही.

काढायला गेलो तर कळलं, बाई दोन वर्षांपूर्वीच शाळा सोडून गेल्यात. ब्लॉग त्यांच्या खासगी ईमेलवर उघडलेला, आणि तो ईमेल त्या वापरत नव्हत्या. शाळेकडे पासवर्ड नाही. पाच महिने लागले. त्या पाच महिन्यांत मुलगी रोज सकाळी उठून आधी ते पान अजून आहे का ते बघायची.

पूडताई, ब्लॉग काढा किंवा काढू नका. पण काढलात तर ज्याने लिहिलंय त्या मुलाला ते पुसता यायला हवं. कारण न सांगता.

शंकासुर

म्हणूनच मी वहीवाला. वही रद्दीत जाते. तिचा एवढा मोठा गुण आजवर कुणी वाखाणला नाही.

खडूची_पूड

बापदादा, वाचून सुन्न झाले. आमच्या आराखड्यात 'उत्कृष्ट लेखनास नाव व छायाचित्रासह प्रसिद्धी' असा मुद्दा आहे. तोही मीच लिहिलाय.

प्राध्यापकांवरची नोंद कालच काढली.

हिरवा_कंदील

वयाच्या नियमांबद्दल थोडक्यात, कारण सराव पाठात हे कुणी विचारत नाही. अमेरिकेत १३ वर्षांखालच्या मुलांची माहिती ऑनलाइन गोळा करायची तर पालकांची संमती लागते. कायदा १९९८ चा, २००० पासून लागू. बऱ्याच संकेतस्थळांवर खातं उघडायला १३ ची अट दिसते ती त्यातूनच आलेली. युरोपीय नियमात वय १६, देशांना ते १३ पर्यंत खाली आणायची मुभा. भारताच्या वैयक्तिक माहितीबद्दलच्या २०२३ च्या कायद्यात तर १८ खालचा प्रत्येकजण मूलच. थोडक्यात सातवीच्या मुलांची स्वतंत्र खाती काढायच्या भानगडीत पडू नका. एकच खातं, ते शिक्षकाकडे. मुलांनी लिहायचं, चढवायचं तुम्ही.

फोटो टाकलाच तर त्यातली लपलेली माहिती आधी काढा. मोबाईलच्या फोटोत तारीख-वेळ असते, लोकेशन चालू असेल तर जागेचे अक्षांश-रेखांशही. वर्गाचा फोटो म्हणजे शाळेचा पत्ताच.

बोरूबहाद्दर

सगळे घाबरवताय तिला. थोडं दुसऱ्या बाजूने.

२०१२ मध्ये स्कॉटलंडमधल्या एका नऊ वर्षांच्या मुलीने वडिलांच्या मदतीने 'नेव्हरसेकंड्स' नावाचा ब्लॉग सुरू केला. शाळेत रोज मिळणाऱ्या जेवणाचा फोटो आणि खाली तिचे गुण. ताटात किती घास होते तेही मोजायची! जगभरातली मुलं आपापल्या ताटांचे फोटो पाठवू लागली. जूनमध्ये तिथल्या कौन्सिलने शाळेत फोटो काढायला बंदी केली. इतका गहजब झाला की दुसऱ्याच दिवशी बंदी मागे. तिने त्यातून एका संस्थेसाठी एक लाख पौंडांहून जास्त निधी उभा केला, दुसऱ्या देशातल्या शाळकरी मुलांच्या जेवणासाठी.

कुणी तिला निबंधाचे दहापैकी गुण दिले असते तर हे झालं असतं?

शंकासुर

तो ब्लॉग घरून चालायचा, वर्गातून नाही. शाळेने बंदीच घातली होती, तुम्हीच लिहिलंय. तुमचं उदाहरण माझ्या बाजूने जातंय.

बोरूबहाद्दर

हं. बरोबर आहे. तरी वाचक मिळाल्यावर मूल घास मोजायला लागतं, हा माझा मुद्दा शिल्लक आहे.

निळी_शाई

तो मुद्दा खरा आहे, पण वाचक 'मिळत' नाही, तो घडवावा लागतो. हे मला एक अख्खं वर्ष वाया घालवून कळलं.

पहिल्या वर्षी मी ब्लॉग काढला, मुलांकडून लिहून घेतलं आणि म्हटलं, एकमेकांना प्रतिक्रिया द्या. पहिल्या नोंदीखाली ३१ प्रतिक्रिया. २६ 'छान आहे', तीन 'खूप छान आहे', एक अंगठा आणि एक 'मॅडम उद्या पीटी आहे का'. वर्षअखेरीपर्यंत तेच. कुणी लिहितं-बिहितं झालं नाही. जी चार मुलं वहीत लिहायची तीच ब्लॉगवर लिहायची.

दुसऱ्या वर्षी पहिले दोन महिने संगणकाला हात लावला नाही. लेख भिंतीवर चिकटवायचे आणि प्रत्येकाशेजारी एक कोरा कागद. 'छान' या शब्दाला बंदी. ज्या वाक्याबद्दल बोलायचंय त्याखाली पेन्सिलीने रेघ मारायची आणि फक्त तेवढ्याबद्दल बोलायचं.

एका मुलाने पालीवर लिहिलं होतं. 'पाल हा सरपटणारा प्राणी असून ती भिंतीवर आढळते. संकटसमयी ती आपली शेपटी टाकून पळते.' एका मुलीने 'संकटसमयी'खाली रेघ मारून शेजारी लिहिलं, 'तू पाहिलंस का वाचलंस?' बस. तो असा भडकला की कागद टरकावायला निघाला होता. चार दिवस गप्प. पाचव्या दिवशी त्याने नवा कागद लावला. अजून माझ्याकडे आहे, त्याला विचारून ठेवलाय. 'दाराच्या फटीत पालीची शेपटी अडकली. ती पळाली. शेपटी राहिली आणि उड्या मारत होती. मी दीडशे मोजले तरी हलत होती. मग आईने झाडूने लोटली. पाल वर ट्यूबपाशी होती. तिला काही झाल्यासारखं वाटत नव्हतं.'

मी बावीस वर्षांत शिकवून 'संकटसमयी' घालवू शकले नसते. त्या पोरीने चार शब्दांत घालवला. ब्लॉगवर आम्ही गेलो ते त्यानंतर, कारण शेजारच्या तुकडीला वाचायचं होतं आणि त्यांना भिंतीपर्यंत येता येत नव्हतं.

यात माझं डोकं काही नाही. फ्रान्समधले शिक्षक सेलेस्तँ फ्रेने यांनी १९२० च्या दशकात गावच्या शाळेत छोटं छपाई यंत्र आणलं होतं. पहिल्या महायुद्धात त्यांच्या फुप्फुसाला जखम झालेली, फार वेळ बोलायचं म्हणजे धाप लागायची. मग बोलणं मुलांवर सोपवलं. मुलं हिंडून आलेलं, पाहिलेलं लिहीत, स्वतः खिळे (छपाईची सुटी अक्षरं) जुळवून छापत आणि लांबच्या शाळेला पाठवत. तिकडून छापलेलं उत्तर यायचं. खिळे उलटे जुळवायचे असतात, एकेक अक्षर हातात घेऊन. कोण 'संकटसमयी' जुळवत बसणार!

आता बापदादांनी लिहिलंय त्याबद्दल. आमच्या ब्लॉगवर मुलांची नावं नाहीत, प्रत्येकाने आपलं टोपणनाव घेतलंय. ('गुळगुळीत दगड' नावाच्या मुलाचा मी आजवर मान राखून आहे.) शोधयंत्रांना बंद, दुवा फक्त पालकांकडे आणि शेजारच्या तुकडीकडे. प्रतिक्रिया मी पाहिल्याशिवाय दिसत नाही. खातं शाळेच्या ईमेलवर, आणि पासवर्ड दोघींकडे. 'माझं काढा' अशी चिठ्ठी आली की त्याच दिवशी काढायचं, का ते विचारायचं नाही. आणि वर्ष संपलं की छापून ज्याचं त्याला द्यायचं, मग ब्लॉग बंद. फुकटात संकेतस्थळं काढू देणारं जिओसिटीज २००९ मध्ये गेलं, वर्गांसाठीचं एडमोडो २०२२ मध्ये. कंपनीने बंद करण्याआधी आपण केलेलं बरं.

आणि पूड, तुझ्या ब्लॉगचं याच्या बरोबर उलटं. तू मोठी आहेस, तुझं नाव असू दे, चुकलेलं असू दे, खाली तारीख टाकून 'आता मला असं वाटत नाही' असंही लिही. मुलाचं मात्र सगळं पुसता यायला हवं. शाळा बरेचदा नेमकं फिरवून करतात, शिक्षकाला सांगतात पुसा आणि मुलाचं लावतात दर्शनी भिंतीवर.

शंकासुर

ताई, भिंतीपर्यंत मी तुमच्यासोबत आहे. पुढचं अजून पटत नाही. शिवाय आता मुलं लिहितात कुठे? यंत्राला सांगितलं की पालीवर दोनशे शब्द हजर.

निळी_शाई

हजर होतात. त्यात 'संकटसमयी' असतं. पहिला खर्डा वर्गात, हाताने लिहून घेते, तेवढं केलं तरी पुष्कळ. उरलेलं ती मुलगी बघून घेते.

दोन_मुलींचा_बाप

चिठ्ठीची पद्धत आवडली. धाकटीच्या शाळेत सांगून बघतो.

खडूची_पूड

तीन आठवड्यांनी येतेय, पाठ संपले काल.

आराखड्यातून ब्लॉग काढून टाकला. मार्गदर्शक मॅडमना पटत नव्हतं, 'तंत्रज्ञानाचा वापर' या रकान्यात काय लिहिणार म्हणाल्या. मी लिहिलं, सेलोटेप. त्यांनी सही केली, पण हसल्या नाहीत.

'छान'वर बंदी घातली. पहिल्या दिवशी 'मस्त आहे' आलं. दुसऱ्या दिवशी 'सुरेख' आलं, तोही शब्द सातवीतल्या मुलाला येतो हे कळलं. तिसऱ्या दिवशी एकीने आजोबांच्या चष्म्यावर लिहिलेल्या वाक्याखाली रेघ मारून विचारलं, 'चष्मा काढल्यावर त्यांचे डोळे कसे दिसतात?' त्यावर तीन ओळी आल्या. पालीइतक्या भारी नाहीत. पण आल्या.

एक गोष्ट मात्र आराखड्यात नव्हती. मधल्या सुट्टीत एकजण आला, म्हणाला, मॅडम माझा कागद काढू का. मी फक्त हो म्हटलं. त्याने टेप सावकाश सोडवली, कागद चारदा दुमडला आणि खिशात घातला. दुसऱ्या दिवशी त्या जागी दुसरा कागद लावला, सायकलच्या चेनवर.

माझ्या ब्लॉगवर आता ६० जुन्या नोंदी आहेत आणि एक नवी. तासात काय काय फसलं त्याची. दंतवैद्य बाई अजून दुसऱ्या ओळीत.

शंकासुर

त्या पहिल्या कागदावर काय होतं?

खडूची_पूड

वाचायचा राहिला होता, काका. नंतर मागितला नाही.